चार्लस्टनसाठी धरलेला उपास

चार-पाच माणसं रोज एकाच ओट्यावर बसायला लागली की किस्से आपोआप साठतात. ते कोणी जपून ठेवत नाही. पण तीस वर्षांनी कोणी नुसतं 'कापसाची तेजी' म्हटलं की एकामागून एक बाहेर येतात आणि मग आवरत नाहीत. आमचा ओटा अमरावतीच्या कापूस बाजारात, धनराजशेठच्या गोदामापुढे होता. मी त्यांच्याकडे कारकून. थोडं इंग्रजी वाचता यायचं म्हणून सगळे मला मास्तर म्हणायचे. लोक हे किस्से ऐकून हसतात, सांगताना मीही हसतो. पण यातले बरेचसे हसण्यासारखे नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

तेव्हा अमेरिकेत लढाई चालली होती. दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली होती आणि विलायतेच्या गिरण्यांचा सगळा कापूस तिथूनच यायचा. उत्तरेच्या सरकारने समुद्रात जहाजं उभी करून दक्षिणेची बंदरं कोंडली आणि फौजा पाठवून एकेक बंदर घ्यायला सुरुवात केली. बंदरं टिकली तर लढाई लांबणार. लढाई लांबली तर तिकडचा कापूस अडकणार, आणि गिरण्यांना वऱ्हाडाचा कापूस लागणार. एवढं गणित ओट्यावर प्रत्येकाला तोंडपाठ होतं. बापजन्मात न पाहिलेल्या गावांनी टिकाव धरावा म्हणून आम्ही रोज देव पाण्यात घालून बसलेलो!

* * *

गोदामाच्या भिंतीवर इमामभाईंनी कोळशाने अमेरिकेचा किनारा काढला होता. इमामभाई गोदामाचे पहारेकरी. एलिचपूरच्या पलटणीत हवालदार होते, पायात गोळी लागल्यावर घरी आले. पेपरात आलेला नकाशा पाहून त्यांनी एक वाकडी रेघ ओढली आणि बंदरांच्या जागी टिकल्या मारल्या.

मग बापूराव दलालांनी टूम काढली की प्रत्येकाने एकेक बंदर आपलं म्हणून घ्यायचं. शेठनी विल्मिंग्टन घेतलं, बापूरावांनी सवाना. मी एक लहानसं घेतलं, त्याचं नावही आता आठवत नाही. सुकदेव माळी रोज भाजीची पाटी घेऊन बाजारात यायचा आणि पाटी रिकामी झाली की आमच्यात येऊन बसायचा. त्याच्या वाट्याला चार्लस्टन आलं.

"हे कसं हाये मास्तर?" त्याने विचारलं.

"सगळ्यात चिवट. दीड वर्सापासून तोफा चालू हायेत, पडत नाही."

सुकदेव खूश झाला. बापूरावांनी इमामभाईंना विचारलं, "हवालदार, तुमचं कोणतं?"

"मले नको," इमामभाई म्हणाले. "मी जिंदगीभर किल्ल्याच्या बाहेर उभा राहिलो. आतल्यायची बाजू घ्याची सवय नाही मले."

* * *

आमच्यापैकी कोणीही समुद्र पाहिलेला नव्हता. चार्लस्टनच्या तोंडावर पाण्यात एक किल्ला आहे, असं मी पेपरातून वाचून दाखवलं तेव्हा मोठाच घोळ झाला. आमच्या डोळ्यांसमोर किल्ला म्हणजे गाविलगड, नाहीतर नरनाळा. बापूराव म्हणाले, "दीड वर्स काहून लागून राहिलं? वरच्या टाक्याचं पाणी तोडलं की चार दिवसांत उतरते किल्ला."

मी सांगितलं, "बापूराव, त्याच्या चारी बाजूनं पाणीच हाये. पण खारं. प्याले चालत नाही."

बापूराव मूळचे अकोल्याकडचे. तिकडे विहिरीला पाणी लागलं तरी ते खारट. जमिनीतच खार आहे. ते एकदम सावरून बसले.

"चारी बाजूनं पाणी अन् प्याले घोट नाही? हे तं आमच्या गावासारखंच झालं. मंग काही चिंता नाही. खारं पाणी पिणारा माणूस लवकर मरत नाही. टिकते ते बंदर."

आणि तेव्हापासून ओट्यावर ते पक्कंच होऊन गेलं. चार्लस्टन टिकते! मी दोन इयत्ता जास्त शिकलेला, पण मलाही ते पटायला लागलं, हे आज सांगताना लाज वाटते.

* * *

बापूरावांच्या मेहुण्याचा किस्सा त्याच्या आधीचा. मोर्शीकडे त्याचं शेत होतं. सगळ्या शेतात त्याने कापूस टाकला, ज्वारीची एक ओळही ठेवली नाही. पीक आलं आणि मेहुण्याने बैलजोडीच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. पोळ्याला जोडी अशी सजली की आजूबाजूच्या गावांतून लोक पाहायला आले.

पण ज्वारी नाही म्हणजे बैलांना खायला कडबा नाही. त्याच्याकडे नाही तसा शेजाऱ्याकडेही नाही, कारण शेजाऱ्यानेही कापूसच टाकला होता. पुढच्या चैत्रात थोरला बैल दावणीलाच बसला आणि परत उठला नाही.

"मंग तुमच्या मेहुण्यानं काय केलं?" सुकदेवने विचारलं.

"काय करते? आधी शेंब्या काढल्या," बापूराव म्हणाले. "मंग रडला."

* * *

सुकदेवने तो प्रश्न उगाच विचारला नव्हता. पेढी नदीच्या काठी त्याची वाडी होती. अर्ध्या वाडीत भाजी आणि झेंडू, उरलेल्या अर्ध्यात त्याच्या बापाने लावलेली चौदा आंब्याची झाडं. बापाने कावडीने पाणी घालून ती वाढवली होती. प्रत्येक झाडाला नाव होतं. शेंदऱ्या, खोबऱ्या, गोट्या, अशी. खाली जमीन काळीभोर. त्या जमिनीत कापूस काय येईल, हे येणारा-जाणारा प्रत्येक माणूस सुकदेवला ऐकवून जायचा. भाऊबंद म्हणायचे, सगळा गाव पांढरा झाला आणि तू अजून वांगी विकतोस.

त्याची बायको सखूबाई बाजाराच्या दाराशी भाजी घेऊन बसायची, आणि वेचणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. तिचं म्हणणं एकच. झाडं माझ्या सासऱ्याची आहेत, तोडायची नाहीत.

सुकदेवला झाडंही हवी होती आणि कापूसही. शेवटी त्याने हिशेब असा लावला की लढाई अजून दोन पिकं चालली तर झाडं तोडावी, दोन पिकं घ्यावी आणि मग नवी आमराई लावावी. लढाई आधी मिटली तर झाडंही गेली आणि कापूसही मातीमोल झाला. म्हणजे त्याची चौदा झाडं चार्लस्टनवर टांगलेली होती. तो रोज ओट्यावर आला की पाटी खाली ठेवायच्या आधी भिंतीकडे पाहायचा आणि टिकली शाबूत आहे ना, याची खात्री करून घ्यायचा.

* * *

मुंबईचा पेपर अकोल्याला एका विलायती एजंटाकडे यायचा. त्याचा वाचून झाला की परतीच्या गाड्यांबरोबर तो आमच्याकडे पोचायचा. त्यातली बातमी आधी अमेरिकेहून आगबोटीने विलायतेला गेलेली, आणि तिथून मुंबईला. म्हणजे ओट्यावर मी ताजी म्हणून जी बातमी वाचायचो ती दीड-दोन महिन्यांची शिळी असायची. हे सगळ्यांना माहीत होतं. पण ऐकताना कोणाच्याच ध्यानात राहायचं नाही, आणि वाचताना माझ्याही नाही.

एकदा पेपर आला तेव्हा बापूराव आणि शेठ सौद्याला बसले होते. आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नाहीत. हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबायची. कोणी किती बोटं धरली हे त्या दोघांनाच कळतं. मी पहिलीच ओळ वाचली, "सवाना पडलं."

दोघांचेही हात रुमालाखाली तसेच राहिले. आता हात सोडला तर सौदा मोडला, आणि बोट दाबलं तर भाव ठरला. बापूरावांचं तर बंदरच गेलेलं. मी पुढे वाचलं की उत्तरेची फौज समुद्राकडून आलीच नाही. मुलखातून चालत आली आणि पाठीमागून गावात शिरली. शहरात कापसाच्या गठाणींचे ढीग सापडले.

"ढीग?" शेठ म्हणाले. "आपल्याला तर सांगत होते, तिकडं कापूस उरलाच नाही."

ज्याचा माल होता तो शेतकरी बाजूला उभा होता. बराच वेळ रुमालाखाली काहीच हलेना, तेव्हा त्याने भीत भीत विचारलं, "शेठ, माह्या कापसाचं काय झालं?"

"तुहा कापूस सवानात अडकला," बापूराव म्हणाले आणि त्यांनी हात काढून घेतला.

इमामभाई उठले आणि ओल्या फडक्याने सवानाची टिकली पुसून आले. मग सुकदेवला म्हणाले, "माहा आजा गाविलगडात होता. तोफा एका अंगाले तोंड करून बसवल्या अन् इंग्रज दुसऱ्याच अंगानं चढला. तुह्या चार्लस्टनच्या तोफा समुद्राकडं पाहून राहिल्या. ही फौज आता चालत त्याच्या पाठीमागून येईन. तू झाडं राहू दे."

आम्ही सगळे त्यांच्यावर हसलो. हवालदारांचं एक आणि त्यांच्या गाविलगडाचं एक, असं कोणीतरी म्हणालं. ते मीच म्हणालो असेन.

* * *

महाशिवरात्रीला सगळ्या ओट्याने चार्लस्टनसाठी उपास धरला. बाजारामागच्या महादेवाला अभिषेक ठरला. सुकदेवने आमराईतला मोहोर आणला होता, पाटी भरून. सखूबाईही उपाशी होती. ती दरवर्षीच शिवरात्र धरायची.

गुरुजींनी संकल्प सोडायला हातात पाणी घेतलं आणि विचारलं, "यजमान कोण? कोणाच्या रक्षणासाठी?"

"चार्लस्टन," बापूराव म्हणाले.

गुरुजींनी दोनदा पुटपुटून पाहिलं. "गोत्र?"

 गोत्राचा विचार कोणीच केला नव्हता. शेठ म्हणाले, लढाऊ गाव आहे तर क्षत्रियाचं काही सांगा. गुरुजी म्हणाले, "असं नाही चालत. गोत्र माहीत नसलं की कश्यप म्हणायचं." आणि त्यांनी कश्यप गोत्रोत्पन्न चार्लस्टनच्या क्षेम, स्थैर्य आणि आयुरारोग्यासाठी पाणी सोडलं.

इमामभाई देवळाबाहेर लिंबाखाली उभे होते. आम्ही बाहेर आल्यावर म्हणाले, "पाठीच्या अंगानं बी रक्षण कर म्हणा लागत होतं. सांगितलं का गुरुजीनं?"

* * *

दुसऱ्या दिवशी उपास सोडून सुकदेव माझ्याकडे आला. ओट्यावर नाही, माझ्या घरी आला. डोक्यावर पाटी नव्हती, त्यामुळे हात कुठे ठेवावे हे त्याला कळत नव्हतं.

"मास्तर, तुमी वाचता. बापूराव तं बोलत राहतात. तुमी एक डाव खरं सांगा. टिकते का?"

मला म्हणता आलं असतं की बाबा, मी वाचतो ते दोन महिन्यांपूर्वीचं असतं. मला म्हणता आलं असतं की माहीत नाही. पण वऱ्हाडात त्या वर्षी 'माहीत नाही' म्हणणाऱ्या माणसाला कोणी विचारत नव्हतं, आणि कोणी विचारावं अशी मला मोठी हौस होती.

"टिकते," मी म्हणालो. "पुढचं वर्स तं टिकतेच."

होळीच्या आत चौदाही झाडं पडली. मला तिकडे जायचा धीर झाला नाही. इमामभाई जाऊन आले. त्यांनी एवढंच सांगितलं की झाडं मोहोरावर होती. झाड आडवं झालं तरी मोहोरावरच्या माश्या उठत नव्हत्या, तिथेच बसून होत्या.

* * *

चैत्रात पेपर आला. सुकदेव त्या दिवशी बाजारात नव्हता. मी वाचायला लागलो आणि तिसऱ्या ओळीला थांबलो. शेठ म्हणाले, "वाचा, वाचा."

चार्लस्टन पडलं होतं. लढाई झालीच नाही. उत्तरेची फौज मुलखातून चालत पाठीमागून आली, तेव्हा आतल्या फौजेने आपलाच कापूस पेटवून दिला आणि रातोरात गाव सोडलं. सकाळी उत्तरेचे शिपाई आत शिरले. त्यात पहिली पलटण काळ्या शिपायांची होती. खाली विल्मिंग्टन पडल्याचंही दोन ओळींत होतं, पण ते शेठनी परत वाचायला सांगितलं नाही.

इमामभाईंनी फडकं घेतलं नाही. "तारीख कोणती हाये?" त्यांनी विचारलं.

मी तारीख वाचली आणि शेठनी पंचांग काढलं. महाशिवरात्रीच्या आधी सहा दिवस. आम्ही उपास धरला, कश्यप गोत्र सांगितलं, सुकदेव माझ्या दारात उभा राहिला, तेव्हा चार्लस्टन पडून आठवडा होत आला होता.

 मग बापूराव म्हणाले, "दूरगावी कोणी मेलं तं आपल्यात सुतक ऐकल्या दिवसापासूनच धरतात. ज्या दिवशी ऐकलं त्या दिवशी मेलं. तवा आपल्यासाठी ते आजच पडलं, मास्तर. तुमचा काही दोष नाही."

ते मला धीर द्यायला म्हणाले होते. वाईट माणूस नव्हता तो.

"हे त्या झाडायले कोण सांगन?" इमामभाई म्हणाले.

* * *

सुकदेवला सांगायला मीच गेलो. दुसरा कोणी उठला नाही, आणि उठला असता तरी मी त्याला जाऊ दिलं नसतं. वाटेत ठरवलं होतं की बंदर पडलं एवढंच सांगायचं, तारीख सांगायची नाही. झाडं तोडल्यावर पडलं असं त्याला वाटलं तर त्यात कोणाचं काय जातं?

वाडीवर ऊन होतं. मी तिथे नेहमी सावलीतून यायचो, त्यामुळे बांध ओलांडला तरी वाडी आली असं वाटलंच नाही. चौदा बुंधे जमिनीला चिकटून होते. सुकदेव एकाची मुळं खणत होता. सखूबाई वाळलेल्या फांद्या गोळा करून मोळी बांधत होती.

मी सांगितलं. सुकदेव खड्ड्यात उभा राहूनच ऐकत होता.

"कवा पडलं?" त्याने विचारलं.

त्याच्याकडे पाहिल्यावर मला खोटं बोलता आलं नाही. "शिवरात्रीच्या आधी सहा दिवस," मी म्हणालो. "माहं चुकलं, सुकदेव. मले माहीत नव्हतं अन् मी टिकते म्हणालो."

 त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याने कुदळ उचलली आणि पुन्हा खणायला लागला. मला जावं की थांबावं ते समजेना. तेवढ्यात सखूबाईने विचारलं, "मास्तर, तिकडं कापूस कोण वेचते?"

आमच्या ओट्यावर चार वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

"गुलाम," मी म्हणालो. "इकत घेतलेली माणसं. काळी. बाया वेचतात, लेकरं बी वेचतात."

"मजुरी काय भेटते त्यायले?"

"मजुरी नाही. मालकाचीच असतात ती."

"अन् आता?"

"आता फौज शिरली ना गावात. ती शिरली की सगळे मोकळे, असा तिकडच्या सरकारचा हुकूम हाये."

तिच्या हातात मोळीची दोरी होती, अर्धी गाठ मारलेली. ती तशीच धरून तिने थोडा विचार केला.

"मंग त्या दिवशी तं काही काम केलं नसन त्या बायायनं," ती म्हणाली.

"नसन केलं," मी म्हणालो.

तिने दोरी सोडून दिली. फांद्या पसरल्या. ती जवळच्या बुंध्यावर जाऊन बसली, पाय लांब केले आणि हात मांडीवर ठेवले. सुकदेवने खड्ड्यातून मान वर केली.

"ऊठ वं," तो म्हणाला. "लाकडं न्याले गाडी येऊन राहिली."

"येऊ द्या," सखूबाई म्हणाली. "मले बसू द्या."